तात्या सकाळी गेले

जुन्नरच्या एसटी स्टँडसमोर आता मोबाईलची रंगीत कव्हरं टांगलेलं एक दुकान आहे. तिथं पूर्वी काशिनाथभाऊंचा एसटीडी बूथ होता. परवा मी आणि दादा मढकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत त्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. गाडीला तास होता. डिझेलचा धूर, भज्यांचं तळण, कुणाच्या तरी पोत्यातला ओला कांदा, असा स्टँडचा वास तेवढा जुनाच राहिला आहे. दुकानातली मुलगी दोन्ही अंगठ्यांनी फोनवर भराभर काहीतरी लिहीत होती. एक वाक्य गेलं की लगेच उत्तर, की लगेच दुसरं वाक्य. दादा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "तू बोटांवर अक्षरं मोजायचीस, आठवतं का गं?"

न आठवायला काय झालं. त्या दोन वर्षांत मी जेवढं लिहिलं तेवढं पुढं कधीच लिहिलं नाही, आणि जेवढं खोडलं त्याला तर हिशेबच नाही.

आमचं गाव मढच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. भात, नाचणी, वरई, आणि उन्हाळ्यात रानातला हिरडा. मी रोज एसटीने जुन्नरला कॉलेजला यायची. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ दत्तू, पुण्यात लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागला होता. तो गेला तो ऐन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, खाचरं पाण्यानं भरलेली असताना, तात्यांना न विचारता. तात्या म्हणजे आमचे वडील. त्या भांडणात कोण काय बोललं ते आता कुणालाच नीट आठवत नाही, आणि आठवलं तरी उगाळण्यात अर्थ नाही. एवढंच खरं की त्यानंतर दोन वर्षं दादाने घराचा उंबरा ओलांडला नाही आणि तात्यांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. दोनदा आई आणि मी चतुर्थीला ओझरला गेलो, तेव्हा तो पुण्याहून तिथं आला. देवळामागच्या घाटावर, दुर्वांच्या आणि जास्वंदीच्या ढिगाशेजारी बसून आईने त्याला घरून आणलेली भाकरी खाऊ घातली. पहिल्याच खेपेला त्याने कमरेच्या पट्ट्याची एक काळी डबी काढून माझ्या हातावर ठेवली. काडेपेटीहून थोडी मोठी, वरच्या अंगाला हिरवट काच.

"पेजर हाये," तो म्हणाला. "कंपनीनं दिलाय. कुठं लिफ्ट बंद पडली की यात लिहून येतं."

आईने डबी कानाला लावून पाहिली. त्यातून बोलता येत नाही, फक्त वाचता येतं, हे तिला दादाने तीनदा समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे आमी बोलायचं आन् तू नुस्तं ऐकायचं. बरं झालं."

पेजरवर निरोप धाडायची रीत अशी होती. बूथवरून पुण्याच्या एका नंबरला फोन लावायचा. पलीकडे एक मुलगी असायची. ती आधी पेजरचा नंबर विचारायची, मग म्हणायची, "मेसेज सांगा." आपण मराठीत सांगायचं, ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, एकदा वाचून दाखवायची, आणि निरोप हवेतून दादाच्या कमरेला जाऊन टिटिट वाजायचा. पण मोजकी अक्षरं. आठवडाभराचं घर दोन-तीन ओळींत बसवायचं.

म्हणून शुक्रवारी रात्री जेवणं झाली की आई निरोप सांगायला बसायची. चुलीपुढे राख सारखी करत करत तिचं सुरू व्हायचं. "त्याला म्हनाव, म्हस व्याली. कालवड व्हईल वाटलं व्हतं, पर न्हाई, रेडा झाला. चीक कुनाला देऊ, तू तर न्हाईस. आन् म्हनाव थंडी लई पडलीय, अंगावर घेऊन झोपत जा. आन् त्या पेटीत वाकून बघत जाऊ नको." पेटी म्हणजे लिफ्ट. हे सगळं मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची आणि शनिवारी सकाळी गाडीत बसून खोडत जायची. चीक खोडला. थंडी ठेवली. 'अंगावर घेऊन झोपत जा' मधलं 'घेऊन' काढलं तर चालेल का, यावर वाटेतल्या गणेशखिंडीचा अख्खा चढ जायचा. स्टँडवर उतरेपर्यंत वहीत उरलेलं असायचं, 'म्हस व्याली रेडा झाला थंडी आहे जप'. त्यात आईचा आवाज राहिला आहे का, हे मी ओठांतल्या ओठांत म्हणून बघायची.

बूथची केबिन लाकडाची, एका माणसापुरती. आत शिरलं की उदबत्तीचा, तापलेल्या रिसिव्हरचा आणि आधीच्या माणसाच्या श्वासाचा वास यायचा. डोक्यावर छोटा पंखा आणि समोर लाल आकडे पळणारी डबी. काशिनाथभाऊ आण्याच्या पठारावरचे. एक पाय लहानपणी लुळा पडलेला, म्हणून उंच स्टुलावर बसूनच सगळा कारभार. सगळ्या तालुक्याची सुखदुःखं त्यांच्या कानावरून जायची, पण इकडचं तिकडे बोलायची सवय त्यांना नव्हती. मला बघितलं की ते रांगेतल्या पावण्यांना म्हणायचे, "पोरीला जाऊ द्या राव, तिचा निरोप लहान असतो."

पलीकडच्या मुली शहरातल्या. 'व्याली' म्हणजे काय, असं एकीनं मला विचारलं होतं, आणि सांगितल्यावर तिला इतकं हसू आलं की माझी अक्षरं राहिली बाजूला आणि तीच मला रेडा केवढा आहे ते विचारू लागली. राब भाजला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी शेणपाला टाकून जमीन भाजून काढली, असा निरोप मी चैत्रात दिला होता. तिनं त्यातल्या 'राब'चं काहीतरी 'राबा' केलं. दादा दोन दिवस विचार करत होता की हा राबा कोण आणि त्याला कुणी भाजलं. ते त्याने पुढच्या भेटीत सांगितलं तेव्हा आई डोळ्याला पदर लावून हसली.

निरोप पोचला की नाही हे लगेच कळायचं नाही. दादा कुठल्या तरी इमारतीच्या पोटात लोंबकळत असायचा. फोन सापडलाच तर अर्ध्या तासात तो उलट बूथवर फोन करायचा, नाहीतर पंधरा दिवसांनी अंतर्देशीय पत्र यायचं. पण मला पोचल्यासारखंच वाटायचं. राब भाजल्याचा धूर, आवणीतला चिखलाचा आंबूस वास, भाद्रपदातली लोंब्या फुटून निसवलेली भातं, दिवाळीनंतर खळ्यावर पडलेला पेंढा, हे सगळं मी एकेका शब्दात बांधून त्या डबीत सोडत होते, आणि दादा ते तिकडे उलगडत असणार.

तात्या निरोपाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायचे. घायपाताचा दोर वळत, नाहीतर नुसतेच. एकदा पावसात वरच्या खाचराचा बांध फुटला आणि त्यांनी दोन दिवस एकट्यानं दगड वाहून तो पुन्हा घातला. त्या शुक्रवारी आईचं सांगून झाल्यावर ते दारातल्या बैलाला म्हणाले, "बांध फुटला व्हता. घातला म्या." बैल रवंथ करत राहिला. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "लिही." दुसऱ्या दिवशी मी 'बांध फुटला होता घातला' एवढंच पाठवलं. त्या निरोपाला दादाचं पत्र आलं नाही, पण फोन आला. तो म्हणाला, "आई बांधाचं कधी बोलत नाय. हे कुनी सांगितलं?" मी खरं सांगितलं. त्याने कुठला बांध ते विचारलं आणि फोन ठेवला.

मग तो मार्गशीर्षातला शनिवार आला. भात झोडून झालं होतं, नवा तांदूळ घरात आला होता. घरभर त्या तांदळाचा वास होता, पहिल्या वाफेला येतो तो. पहाटे मला जाग आली ती आईच्या बोलण्याने. ती दारात उभी राहून कुणाला तरी विचारत होती, कुठं, कशाला, एवढ्या थंडीत. मी बाहेर आले तेव्हा तात्या रस्त्याला लागलेही होते. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर तांदळाची पिशवी. पहिली गाडी सहाला असायची. "जाऊन येतो," एवढंच ते म्हणाले होते. आईने फळीवर पाहिलं तर दादाचं शेवटचं अंतर्देशीय पत्र जागेवर नव्हतं. त्याच्यावर पुण्याचा पत्ता होता.

तात्या त्याच दिवशी का उठून निघाले, ते त्यांनी पुढं कधी सांगितलं नाही. आईला वाटायचं की नव्या तांदळामुळं. दोन वर्षं पोराच्या पोटात घरचा भात गेला नव्हता.

पण त्या घटकेला आईला एकच भीती पडली होती. तात्यांनी पुणं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. ते शिवाजीनगरला उतरणार आणि हरवणार. ती माझ्यामागे लागली, "पोरी, तू पुढच्या गाडीनं जा आन् त्या डबीत घाल. म्हनाव तात्या गेले सकाळी, तू स्टँडवर ये त्यांना घ्यायला." गाडी येईपर्यंत ती हेच म्हणत होती. वाटेवर भेटेल त्याला सांगत होती, तात्या गेले, पुण्याला गेले, पोराकडं गेले. दोन तास माझ्या कानात तेवढंच होतं.

बूथवर रांग होती. काशिनाथभाऊंनी मला पुढं घेतलं, पण लाइन लागेना. लागली तर खरखर. दहा वाजत आले. तात्यांची गाडी साडेदहाच्या सुमारास पुण्यात पोचणार, असा मी हिशेब केला होता. शेवटी पलीकडे एका मुलीचा आवाज आला, नेहमीचा नव्हता, नवीन होता आणि घाईत होता. मी नंबर सांगितला. मेसेज सांगा, ती म्हणाली. मी ओरडून सांगितलं, "तात्या सकाळी गेले. लवकर ये." आणि पुढचं, शिवाजीनगर स्टँडवर, हे तोंडात असतानाच लाइन तुटली.

मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. एंगेज. काशिनाथभाऊ म्हणाले, जेवढं गेलं तेवढं गेलं असेल, पोराला समजेल. मलाही तसंच वाटलं. आमच्या घरात सकाळपासून 'गेले' या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. मी वही पिशवीत टाकली आणि कॉलेजला गेले. त्या दिवशी मी खूश होते. दोन वर्षांनी दोघं समोरासमोर येणार होते आणि त्यात माझा हात होता.

दुपारी दोनच्या पुढे मी स्टँडवर परतले आणि मढच्या गाडीत जाऊन बसले. गाडी सुटायला वेळ होता. ड्रायव्हर खाली विडी ओढत होता. तेवढ्यात मागच्या दारातून दादा चढला.

अंगावर कामाचे निळे कपडे, गुडघ्यावर काळे डाग, पायात एकाच बुटाची नाडी बांधलेली. डोळे सुजलेले. मी त्याला बघून उभीच राहिले आणि मला हसू आलं, आनंदाचंच. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मी ओळखीची आहे की नाही हे त्याला ठरवता येत नसावं. माझ्या पिशवीकडे पाहिलं, वेणीतल्या फुलाकडे पाहिलं.

"कधी गेले?" त्याने विचारलं.

"सकाळच्या पहिल्या गाडीनं."

तो सीटच्या दांड्याला धरून उभा होता. "कुठं नेलं?"

"नेलं कुनी? आपले आपन गेले. तुझ्याकडंच गेले, पुण्याला. तुला भेटले नाहीत?"

तो खाली बसला. सीटवर नाही, दोन सीटांच्या मधे, गाडीच्या पत्र्यावर. पुढच्या बाकावरची एक बाई मागे वळून बघायला लागली. दादाने कमरेची डबी काढून माझ्याकडे धरली. हिरव्या काचेत इंग्रजी अक्षरं एकामागून एक सरकत गेली. मी ती वाचली आणि तेव्हा, त्या क्षणी, मला ती दुसऱ्यांदा ऐकू आली. तात्या सकाळी गेले लवकर ये.

मला रडू फुटलं. मी काय बोलत होते ते मला आठवत नाही. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. त्याने माझा हात धरून विचारलं, "म्हंजे हायेत ना? हायेत ना तात्या?" मी मान हलवली. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्याचे खांदे हलत राहिले. पुढच्या बाकावरच्या बाईने त्याला पाणी दिलं. कोण गेलं, तिनं विचारलं. मी म्हणाले, कुणी नाही.

तो निरोप त्याला मिळाला तेव्हा तो सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या डोक्यावर उभा होता. हे त्याने नंतर सांगितलं. हातातला पाना तिथंच राहिला. तो जिन्याने पळत खाली आला, शिवाजीनगरला आला आणि जुन्नरची जी गाडी सुटत होती तिच्यात चढला. तात्या त्याच स्टँडवर, त्याच वेळी, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने उतरत असणार. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, सगळी वाट त्याने खिडकीच्या गजाला कपाळ लावून काढली.

मग त्याला एकदम सुचलं की तात्या तिथं एकटे आहेत. तो ताडकन उठला. आम्ही गाडी सोडली आणि बूथकडे पळालो. दादाच्या खोलीच्या खाली घरमालकीणबाई राहायच्या, त्यांच्याकडे फोन होता. तो नंबर फक्त दादाला माहीत होता. काशिनाथभाऊंनी आमची तोंडं पाहिली आणि काही न विचारता रांगेतल्या माणसाला बाहेर बोलावलं. या वेळी लाइन पहिल्या झटक्याला लागली.

घरमालकीणबाई म्हणाल्या, अरे दत्तू, तुझे वडील आलेत. पत्राचा कागद दाखवत दाखवत बरोबर दारात आले. खोलीला कुलूप, तेव्हा पायरीवर बसून होते. मी आत बोलावलं. तांदूळ आणलाय त्यांनी, मी त्यातलाच भात टाकला, सगळ्या वाड्यात वास सुटलाय. जेवलेत दोन घास. थांब, देते.

तात्यांनी त्याआधी कधी फोन हातात धरला नव्हता. ते खाचराच्या पल्याडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलत होते, म्हणून केबिनबाहेर मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"दत्तू. कुठं हायेस?"

"जुन्नरला."

"जुन्नरला? आन् मी हितं तुझ्या दारात."

"हां."

"तिथं कशाला गेलास?"

दादाने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे पुसत उभी होते. "असंच," तो म्हणाला. "घरी यावं वाटलं." मग म्हणाला, "तात्या, तुमी तिथंच थांबा. मी आत्ताच्या गाडीनं माघारी येतो."

"नगं," तात्या म्हणाले. "एवढा गेलायस तर घरी जाऊन ये. आई वाट बघती तुझी. मी थांबतो. मला काय घाई न्हाई."

फोन ठेवल्यावर दादा केबिनमधून बाहेर येईना. काशिनाथभाऊ रांगेकडे वळून म्हणाले, जरा दम धरा राव, पोरगं लांबून आलंय.

आम्ही पुढच्या गाडीने घरी गेलो. उन्हं कलली होती. आई अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं दादाला वाटेवर पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि पदराने हात पुसत उभी राहिली. दादाने उंबऱ्याशी पाय धुतले. आईने विचारलं, "ते भेटले न्हाईत व्हय तुला?" मग मी सगळं सांगितलं, न लपवता. ऐकताना आईचा हात आपोआप कपाळाच्या कुंकवाकडे गेला आणि तिथंच थांबला. मग ती म्हणाली, "आयुष्य वाढलं म्हनायचं त्यांचं. पर त्यांच्या कानावर घालू नका. माझी शप्पथ हाये." आम्ही दोघांनी मान डोलावली.

त्या संध्याकाळी दादाने नव्या तांदळाचा भात दुधाबरोबर खाल्ला, तीनदा वाढून घेतला. मग अंधार पडायच्या आधी वरच्या खाचरापर्यंत जाऊन आला. बांधावर उभा राहून त्याने दगड पायाने दाबून बघितले, असं मला लांबून दिसलं. झोपताना त्याने तात्यांची घोंगडी मागून घेतली. सकाळी पहिल्या गाडीने तो पुण्याला परतला.

तात्या तिकडे चार दिवस राहिले. परत आले ते पाव आणि एक पितळी घंटी घेऊन. घंटी बैलासाठी होती. मंडईत मिळते म्हणाले. आईने विचारलं, पोराचं कसं हाय. ते म्हणाले, "बरं हाय. हाताला काम हाय. माणसं त्याला साहेबागत इचारत्यात." त्या शुक्रवारी निरोपाच्या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. आईच्या आधी तेच म्हणाले, "लिही. तात्या घरी पोचले. सुखरूप." सुखरूप हा शब्द मोठा होता, मी तो खोडला नाही.

दिवाळीला, आवणीला दादा यायला लागला. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून कुणी प्रवासाला 'गेलं' नाही. आईने तो शब्दच बंद केला. माणसं निघायची, पोचायची, यायची. माझं लग्न होऊन मी घोडेगावकडे सासरी आले, तेव्हाही आई शेजारणींना सांगत होती, पोरगी आत्ताच निघाली.

मग ती डबी किती लवकर संपली. दोन-तीन वर्षांत कंपनीने मोबाईल दिले. पलीकडच्या त्या मुलींचं, जिला रेड्याचं हसू आलं होतं तिचं, पुढं काय झालं कोण जाणे. काशिनाथभाऊ बूथ बंद करून आण्याला परतले. तात्या त्यानंतर अकरा वर्षं जगले, आणि खरोखरीच गेले तेव्हा दादा त्यांच्या उशाशी होता. आई त्यांच्यामागे फार राहिली नाही.

परवा त्या बाकावर हे सगळं आम्ही दोघं आलटून पालटून आठवत होतो. मला नव्याने कळलं ते असं की पेजरमध्ये वीसेक निरोपच राहायचे, नवा आला की सगळ्यांत जुना पुसला जायचा, म्हणून दादा दर रविवारी ते एका डायरीत उतरवून ठेवायचा. राबा कोण, हे सुद्धा त्यात लिहिलेलं आहे म्हणे. मी म्हणाले, बाकी सगळं ठीक, पण तात्यांना त्या दिवसाचं कधीच कळलं नाही हे चांगलं झालं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

दादाने गाडी आली का ते पाहिलं. मग म्हणाला, "त्यांना ठाव व्हतं."

मग त्याने मला सांगितलं ते असं.

दुसऱ्या दिवशी दादा पुण्याला पोचल्यावर तात्या म्हणाले होते, तुझं काम दाखव. तो त्यांना एका आठ मजली इमारतीत घेऊन गेला. लिफ्टमध्ये तात्यांनी टोपी हाताने दाबून धरली होती आणि डोळे मिटले होते. वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत त्याने त्यांना नेलं. तिथं मोटर गरगरत होती आणि मोठ्या चाकावरून लोखंडी दोर खाली अंधारात उतरत होते. तात्यांनी शेजारच्या बंद लिफ्टच्या एका दोरावर बोट फिरवून पाहिलं, किती पदरी आहे विचारलं, वळण बरं आहे म्हणाले. आणि मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "दोन वर्षं तू घरी आला न्हाईस. मी आलो त्याच दिशी तुला घर आठवलं. खरं काय ते सांग."

दादाला खोटं सुचलं नाही. त्याने पट्ट्याची डबी काढली. तात्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं.

"मग?" मी विचारलं. "काय म्हणाले?"

"मशीन थांबेपर्यंत दोराकडं बघत राहिले. मग म्हनाले, रडलास काय? मी म्हनालो, लई."

दुकानातली मुलगी फोन बाजूला ठेवून आता शटरशी येऊन उभी होती. समोर मढची गाडी लागली, माणसं उठली. दादा उठला नाही.

"त्यांनी डोक्याची टोपी काढली," तो म्हणाला, "आन् तिनं माझं तोंड पुसलं. सगळं. लहानपणी पुसायचे तसं. ग्रीस लागलंय म्हनाले." तो समोरच्या गाडीकडे बघत होता. "त्या दिवशी वर मी कशाला हातसुद्धा लावला नव्हता गं."